अंतराय

महाराजांनी माझ्या हातातल्या नारळाकडे पाहिलं, इंदूच्या हातातल्या कलशाकडे पाहिलं आणि ते पुढे निघून गेले.

मी पुन्हा हाक घातली, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र, अत्र, अत्र. तिष्ठ, तिष्ठ, तिष्ठ." जयसिंगपूरच्या हायस्कुलात जन्मभर पी.टी. शिकवलेला आवाज माझा. मैदानाच्या त्या टोकाचा पोरगा या आवाजानं जागच्या जागी खिळायचा. महाराज काही थांबले नाहीत. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला लावलेली, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. ते क्षेत्राचे व्यवस्थापक ऐनापुरे यांच्या दारावरून गेले, मंदिरासमोरच्या मानस्तंभाला वळसा घालून परत आमच्या आणि शेजारच्या शहा काकूंच्या दारावरून डोंगराच्या पायऱ्यांकडे लागले. तिथं पोचल्यावर खांद्यावरचा हात खाली आला. म्हणजे आजही उपास. उद्या याच वेळेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

"गेले," इंदू म्हणाली.

"आपल्याकडं धड बघितलंसुद्धा नाही पोरानं."

"पोरगा काय म्हणता? महाराज म्हणा. आणि दारात उभं राहून असलं बोलू नका, शहा काकू ऐकतील."

ते महाराज म्हणजे आमचा मुलगा शीतल. म्हणजे होता. दीक्षा घेतली की मागचं सगळं पुसलं जातं. नाव, गाव, आईबाप, अंगावरचं वस्त्र. आता ते मुनी धृतिसागर. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण घशाखाली उतरत नव्हतं. शिरोलीच्या फाउंड्रीत चांगली नोकरी होती त्याला. एका चातुर्मासात आचार्यांचं प्रवचन ऐकायला म्हणून गेला, तो घरी परत आलाच नाही. तिकडे मध्य प्रदेशात त्याची दीक्षा झाली, तेव्हा भर मंडपात त्यानं स्वतःच्या हातानं डोक्यावरचा एकेक केस उपटला. इंदू पहिल्या रांगेत बसून ते शेवटपर्यंत बघत होती. मी मंडपाच्या बाहेर जाऊन पाठ फिरवून उभा होतो.

त्यानंतर इंदूनं एकच गोष्ट मनाशी धरली. एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचा आहार त्यांच्या ओंजळीत पडावा. आम्ही तीन वेळा तिकडे जाऊन आलो. तिथं गावभर दारं उभी, शेकडो माणसं हाका घालणारी. एकदाही ते आमच्यापाशी थांबले नाहीत.

दिगंबर मुनींचा नियम साधा आहे आणि भयंकर आहे. दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत घेऊन जेवायचं. पाणीसुद्धा तेव्हाच. त्यातून आहाराला निघण्याआधी ते मनात एक विधी धरतात, अमुक दिसलं तरच आज आहार. कधी दोन कलश, कधी हातात आंबा, कधी दारात नवराबायकोच हवीत. तो विधी कुणाला सांगायचा नाही. गृहस्थांनी आपापल्या दारात उभं राहून हाका घालायच्या. जुळलं तर थांबतात, नाही जुळलं तर शांतपणे परत जातात. आणि थांबले म्हणून सुटलो असंही नाही. ओंजळीत केस निघाला, मुंगी दिसली, कुणाचं रडणं कानावर आलं, की तो अंतराय. त्या क्षणी ओंजळ सोडायची. पुढचा घास थेट दुसऱ्या दिवशी.

शीलगिरीला आम्ही गेलो होतो ते मात्र त्यांच्यासाठी नव्हे. बार्शीच्या पलीकडे, बालाघाटाच्या काळ्या डोंगरात हे जुनं क्षेत्र. वर गुहा आहेत, गुहांच्या तोंडाशी झिजलेली अक्षरं आहेत, आणि माथ्यावर कोरलेली पावलं. शेकडो वर्षं मुनी इथं येऊन देह ठेवत आले. उन्हाळ्यात तिथं चिटपाखरू राहत नाही, म्हणून क्षेत्राची समिती निवृत्त जोडप्यांना सेवेला बोलावते. धर्मशाळेची एक खोली देतात आणि एक चौका, म्हणजे मुनींच्या आहाराचं स्वयंपाकघर, ताब्यात देतात. आम्ही चैत्रात गेलो. इंदूला वाटलं पुण्य लागेल. मला वाटलं घरी पेपर वाचून कंटाळण्यापेक्षा बरं.

पण त्या चौक्यात इंदूचं राज्य होतं आणि मी तिथला शिपाई. पहाटे विहिरीचं पाणी काढायचं, दुहेरी कापडातून गाळायचं. मग ते कापड गाळलेल्या पाण्यानंच उलटं धुवायचं आणि ते धुतलेलं पाणी छोट्या बादलीत घालून, दोरी हळूहळू सोडून, परत त्याच विहिरीच्या तळाशी पोचवायचं. कापडात अडकलेले जीव आपल्या घरी गेले पाहिजेत. याला जिवाणी म्हणतात. जन्मभर मी पोरांना रांगेत उभं केलं, म्हातारपणी इंदूनं मला डोळ्यांना न दिसणारे किडे घरी पोचवायला लावलं. पीठ जात्यावर दळायचं. चौक्यातली वस्त्रं वेगळी धुऊन वेगळी वाळवायची. माझा खांदा चुकून बाहेरच्या कुणाला लागला, तर बाई मला पुन्हा आंघोळीला धाडायची.

वैशाख लागला आणि एक दिवस ऐनापुरे सांगत आले, "दोन मुनी चालत येतायत बार्शीकडून. एक वयस्कर आहेत. दुसरे धृतिसागर."

इंदू तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मग म्हणाली, "अजून थोडे तांदूळ निवडून ठेवायला हवेत."

ते आले तेव्हा आम्ही वाटेत उभे राहून नमोस्तु केलं. त्यांनी सगळ्यांवर उचलली तशीच आमच्यावर पिंछी उचलली. पापणीसुद्धा हलली नाही. चेहरा उन्हानं रापलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.  इंदूला विचारलं, "त्यानं ओळखलं का गं आपल्याला?" ती म्हणाली, "ओळखायचं काय त्यात? चारचौघांसारखे श्रावक, गृहस्थ आहोत की आपण."

वयस्कर मुनींचं रोज कुठं ना कुठं जुळत होतं. धृतिसागरांचं जुळेना. येताना त्यांचा एक उपवास झालेलाच होता. त्यावर हे दोन दिवस कोरडे गेले. बाहेर ऊन असं की दुपारी मानस्तंभाच्या दगडावर हात ठेवता येत नव्हता. सगळ्या दारांत अंदाज सुरू झाले. शहा काकूंनी आंबे धरून पाहिले, ऐनापुऱ्यांनी दोन कलश धरून पाहिले. मी इंदूला म्हटलं, आपण उजव्या-डाव्या बाजू बदलू. तीही बदलून पाहिली. मुनी परत गेले की आहार देणाऱ्यांनाही जेवण गोड लागत नाही. इंदू तर पाण्यावर होती. मी दुपारी दोन केळी खायचो, आणि तिला ते दिसत असूनही ती काही बोलायची नाही.

तिसऱ्या सकाळी आम्ही काहीच नवं केलं नाही. तोच नारळ, तोच कलश. महाराज शहा काकूंच्या दारावरून आले, आमच्यासमोर आले, आणि थांबले.

काय दिसलं त्यांना, ते मला आजवर कळलेलं नाही. इतकंच कळलं की माझा आवाज बसला. इंदूनं कोपरानं ढोसलं तेव्हा भानावर आलो. आम्ही त्यांच्याभोवती तीन फेऱ्या घातल्या, म्हटलं, "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. स्वामी, भोजनगृहात यावं." ते आत आले. पाटावर बसले. इंदूनं त्यांचे पाय धुतले. टाचा भेगाळून उखणलेल्या शेतासारख्या झाल्या होत्या. डाव्या घोट्यावर सायकलच्या साखळीत पाय अडकला होता त्याचा वण तसाच होता. इंदूचा हात त्या वणावरूनही तसाच फिरला, न थांबता. हे तिनं कसं जमवलं, देव जाणे. माझी तर मान वर होईना.

मग ते उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जुळवून ओंजळ पुढे केली.

शहा काकू आणि ऐनापुरे सोवळ्यानं मागे येऊन उभे राहिले होते. मी ताट धरलं होतं. इंदूनं लोटीनं पाण्याची बारीक धार ओंजळीत सोडली. खोलीत फक्त त्यांच्या घशातून घोट उतरत होते, तेवढाच आवाज. मीठ, गूळ, तेल सगळं त्यांनी सोडलेलं. पाणी झालं, थोडं दूध झालं. मग इंदूनं दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली. एक घास. मग दुसरा. इतक्या वर्षांनी तिच्या हातचा घास त्यांच्या ओंजळीत पडत होता आणि मी ते डोळ्यांनी बघत होतो.  हा देव आहे, मुलगा आहे की भिक्षेकरी, काही म्हणजे काही ठरवता येत नव्हतं.

तिसरा घास ठेवला आणि तिचा हात हवेतच राहिला.

मी तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. ओंजळीच्या खालच्या कडेला, करंगळीपाशी, भाकरीच्या ओल्या तुकड्यातून एक केस लोंबत होता. पांढरा, बोटभर. महाराजांना वरून तो दिसणं शक्य नव्हतं. मागच्यांनाही नाही. तो दिसत होता फक्त आम्हा दोघांना. मी इंदूकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. महाराज ओंजळ तोंडाकडे न्यायला लागले.

"महाराज, केस आहे," ती म्हणाली. "अंतराय झाला."

आवाज इतका साधा की जणू दूध संपलं एवढंच सांगत होती.

महाराजांनी ओंजळ सोडली. भाकरी खालच्या परातीत पडली. त्यांनी मान वर करून इंदूकडे एकदा पाहिलं. मग पाटावर बसून हात धुतले, डोळे मिटले, उठले, आमच्यावर पिंछी उचलली आणि कमंडलू घेऊन बाहेर पडले. पोटात गेले होते ते दोन घास आणि काही घोट. दारातून मी पाहत राहिलो. त्या भाजणाऱ्या पायऱ्या ते जसे उतरले होते तसेच चढत होते, ना हळू, ना घाईनं.

सगळे गेल्यावर मी खोलीचं दार लावलं.

"तुला दिसला तर दिसला. बोललीस कशाला?"

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"गप बसायचं. कुणाला दिसणार होता तो? केस खाऊन मरत नाही माणूस. लहानपणी तुझ्या आमटीतले काय कमी केस खाल्लेत त्यानं?"

"तेव्हा तो माझा होता," इंदू म्हणाली. ती परात घासत होती. "केस खाऊ दे नाहीतर माती खाऊ दे, ते माझं मी बघून घेत होते. आता ते डोळे झाकून माझ्यापुढं ओंजळ धरून उभे होते. त्यांना दिसत नाही म्हणून त्यांचं व्रत मी मोडू?"

"खड्ड्यात गेलं व्रत. माणूस जगला तर व्रत. किती दिवसांचा उपाशी आहे तो, बघितलास काय छातीचा पिंजरा?"

"बघितला की. तुमच्यापेक्षा जवळून बघितला."

"मग?"

तिनं परात पालथी घातली. "पोराला उपाशी धाडलं मी, ते माझं मला कळतंय हो. पण मुनींना फसवलं नाही."

मला राग आवरेना. मी असतो तर तोंड उघडलं नसतं, आजही हेच सांगेन. कुणी मला अधर्मी म्हटलं तरी चालेल. पण तिच्यापुढं माझं काही चाललं नाही आणि तेवढ्यात तिनं दुसरंच काढलं.

"केस माझा होता," ती म्हणाली. "पदर डोक्यावर घट्ट घेतलेला, तरी पडलाच. आता मी दारात उभी राहणार नाही. या हातांनी अंतराय झाला, हे हात पुन्हा पुढं करायचे नाहीत. शहा काकूंना पाणी गाळून देईन, दळून देईन. तिथं जुळलं तर जुळू दे."

"अगं, एकदा झालं म्हणून कायमचं?"

"एकदाच पाहिजे होतं मला. झालं एकदा."



ऊन उतरल्यावर मी डोंगर चढलो. काय करायला चढलो ते मलाच ठाऊक नव्हतं. माफी मागायला, भांडायला, का नुसतं बघायला. गुहेच्या तोंडाशी महाराज दगडावर बसले होते. समोर खालच्या वाडीतले चारपाच शेतकरी. त्यांच्यातल्या एकानं विचारलं होतं की पिकावर औषध मारताना किडे मरतात त्याचं काय करायचं, आणि महाराज त्याला समजावून सांगत होते. ओठ फुटून पांढरे पडले होते. पण आवाजात कुठं ओढाताण नाही. मध्येच एकजण काहीतरी बोलला तर हसलेसुद्धा. मागे गुहेत ती झिजलेली अक्षरं होती, आणि मला एकदम वाटलं की हेच इथं हजार वर्षं चाललं असणार. कुणीतरी उपाशी माणूस इथं बसून हसत बोलतोय आणि खालची माणसं वर येऊन ऐकतायत. त्याच्यात मी आमचा शीतल शोधून पाहिला. सापडला नाही. पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट हात आपोआप जोडले गेले.

शेतकरी उतरल्यावर मी पुढे सरकलो.

"महाराज, सकाळी घात झाला."

"घात कसला? अंतराय झाला," ते म्हणाले. "होतो कधीकधी."

"आमच्या चौक्यात झाला."

"कुठं तरी व्हायचाच होता."

 मग बोलूनच टाकलं. "आमची मंडळी म्हणते, उद्यापासून दारात उभी राहणार नाही. हात लावणार नाही म्हणते आहाराला."

महाराजांनी ऐकलं.  पिंछीनं समोरची जागा हलकेच झाडली आणि बराच वेळ डोंगराखाली, धर्मशाळेच्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अंधार पडायच्या आत उतरा. पायऱ्या उंच आहेत."

दुसऱ्या दिवशी पहाटे इंदू खरोखरच शहा काकूंकडे निघाली. मी उठलो, आंघोळ केली, धुतलेली वस्त्रं नेसलो आणि विहिरीवर जाऊन एकट्यानं पाणी काढायला लागलो. ती लांबून बघत होती. मी कापड हंड्याच्या तोंडावर टाकलं.

"अहो, दुहेरी करा ते," ती ओरडली.

मी दुहेरी केलं, पण असं की मधून फट राहिली.

"तशानं काय गाळणार? द्या इकडं." ती आली, कापड हातातून ओढून घेतलं. मग जिवाणी मी नीट सोडेन यावर तिचा विश्वास नव्हता, ती तिनंच सोडली. मग भाकरी मला थापता येणार नव्हती हे तर जगजाहीर होतं. बोलत काही नव्हती, पण करत सगळं होती. करून झाल्यावर म्हणाली, "स्वयंपाक झालाय. तुम्ही उभे राहा दारात. मी आतच थांबते."

"एकटा?"

"एकट्यानं चालतं की. कितीजण उभे राहतात."

म्हणून त्या दिवशी मी एकटाच नारळ धरून दारात उभा राहिलो. महाराज खाली उतरले. खांद्यावर बोटं, पाय किंचित ओढत टाकलेले. शहा काकूंनी हाक घातली, ते थांबले नाहीत. आमच्या दारासमोर आल्यावर त्यांची चाल मंदावली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिलं. मी जीव तोडून हाक घातली. ते पुढे गेले. ऐनापुऱ्यांचं दार मागे पडलं. ते मानस्तंभाकडे वळले. तो वळसा पुरा करून आमच्या दारावरून परत गेले की पायऱ्या, आणि पायऱ्या आल्या की हात खाली.

मी मागे न बघता म्हटलं, "इंदू, तुझ्या हातानं काल काहीच झालं नाही. केस पडला, तो काय हातानं टाकलास? झालं ते तुझ्या तोंडानं झालं. तू बोलली नसतीस तर तो अंतराय कुणाला कळणार होता? आणि त्यासाठी तू आज आत लपून बसलीस? गेले बघ ते. हात खाली घेतील आता."

 आतून भांड्याचा आवाज आला. इंदू बाहेर आली. केसांवर ओलं फडकं करकचून बांधलेलं, वर पदर, हातात कलश. माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिनं हाक घातली. तिचा आवाज लहान. मानस्तंभापर्यंत पोचला की नाही, मला शंका होती.

वळसा संपवून महाराज परत आले आणि आमच्यासमोर उभे राहिले.

त्या दिवशी त्यांनी पोटभर आहार घेतला. एकेक घास मी चारचारदा निरखला, इंदूनं निरखला, मागून शहा काकूंनी मान उंचावून निरखला. पाणी झालं, दूध झालं, भाकरी झाली, भात झाला, पुन्हा पाणी झालं. शेवटी त्यांनी आपण होऊन ओंजळ सोडली तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. ते पाटावर बसले. आम्ही सगळे समोर बसलो.

मला राहवलं नाही. विचारलं, "महाराज, आज विधी काय होता?"

विचारू नये असं नाही. आहार झाल्यावर काहीजण सांगतात, काहीजण नुसते हसतात.  महाराजांची नजर खालीच होती.

"ज्यांनी काल थांबवलं," ते म्हणाले, "त्यांच्याच हातून."

मग पिंछी उचलून त्यांनी आशीर्वाद दिला, इंदूला जेवढा तेवढाच मला, तेवढाच शहा काकूंना. कमंडलू घेतलं आणि ते निघून गेले. दुसऱ्याच दिवशी दोन्ही मुनींनी शीलगिरी सोडलं. त्यानंतर त्यांचा आहार आमच्या हातून पुन्हा कधी झाला नाही.

शहा काकू, ऐनापुरे आपापल्या घरी गेले. इंदू पाटासमोर तशीच बसून होती.

"तुम्ही परवा वर गेलात," ती म्हणाली, मग स्वतःच सुधारलं, "परवा कुठलं, कालच. काल वर जाऊन त्यांना सांगून आलात ना, मी दारात येणार नाही म्हणून?"

"सांगितलं होतं."

"ते ऐकून मग विधी धरला त्यांनी?"

"विधी सकाळी धरतात. म्हणजे ऐकल्यावरच."

 मी मनातल्या मनात सगळं जुळवत होतो. रिकाम्या उंबऱ्याकडे पाहून पुढे गेलेला तो माणूस. ती आली नसती तर तो तसाच कोरड्या घशानं पायऱ्या चढून गेला असता आणि का गेला ते जन्मात कुणाला कळलं नसतं. ती येणार नाही हे माझ्या तोंडून ऐकूनसुद्धा त्यानं आपली तहानभूक तिच्यावर सोपवली होती. 

"आईच्या मायेवर भरवसा ठेवलाय गं त्यानं," मी म्हटलं.

इंदूनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा इतका उजळलेला मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"आईनं तर केस दिसल्यावर तोंड मिटून घेतलं असतं," ती म्हणाली. "आईवर नाही हो. माझ्यावर ठेवला."